गॅसकडे बघितलंच नाही

टिपमन ९८ कस्टम हे पेंटबॉलचं स्वस्त मार्कर आहे आणि तितकंच चिवट. चिखल, पाऊस, नवख्या पोरांची धसमुसळी, सगळं सोसून ते चालत राहतं. असं मार्कर मी एका हिवाळ्यात स्वतःच्या हातांनी बिघडवलं. नुसतं बिघडवलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. दुरुस्तीच्या नादात मी माझ्या मुलीला धोक्यात घातलं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं इथे अमेरिकेत पेंटबॉल खेळतात, आणि त्यांचे आईवडील माझ्यासारखेच पाने-पकडी घेऊन गॅरेजमध्ये बसतात. त्यांच्यासाठी जे घडलं ते घडलं तसं सांगतो.

आम्ही इंडियानात राहतो. टिपमन कंपनी याच राज्यातल्या फोर्ट वेनची, त्यामुळे जुनी टिपमन मार्करं इकडे घरोघरच्या गॅरेज सेलमध्ये सहज मिळतात. लेकीने साठवलेल्या पैशांतून असंच एक जुनं मार्कर घेतलं. सोबत वीस औंसाचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर होतं. मी पुण्यात मेकॅनिकल शिकलेलो, घरातला मिक्सर, पंखा, सायकल कधी बाहेर दुरुस्तीला दिली नाही. एवढ्याशा यंत्रात काय असणार, असं मनात धरूनच मी ते हातात घेतलं. पुढच्या सगळ्या चुका या एका समजातून निघाल्या.

यंत्रात खरोखरच फार काही नाही, पण जे आहे ते गॅसच्या जिवावर चालतं. मागे एक जड हॅमर असतो. तो मागे ओढला की सिअर नावाचा छोटा खटका त्याला अडवून धरतो. ट्रिगर दाबला की खटका सुटतो, स्प्रिंग हॅमरला पुढे ढकलते, त्याला दांडीने जोडलेला बोल्ट गोळीला बॅरलमध्ये सारतो आणि हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. सुटलेल्या गॅसचा एक भाग पुढे जाऊन गोळी उडवतो, दुसरा भाग मागे येऊन हॅमरला परत ढकलतो, आणि खटका त्याला पुन्हा अडवतो. हे मागे येणं नीट झालं तरच पुढची गोळी आपण दाबू तेव्हा उडते. गॅसचा जोर कमी पडला तर हॅमर खटक्यापर्यंत पोचतच नाही. अर्ध्यातून फिरतो, पुन्हा व्हॉल्व्हवर आदळतो, पुन्हा अर्ध्यातून फिरतो. ट्रिगर एकदा दाबला तरी मार्कर आपोआप तडतडत राहतं.

आमचं मार्कर नेमकं हेच करू लागलं. जानेवारी होता, बाहेर बर्फ, गॅरेजमध्ये पारा शून्याच्या आसपास. दाबलं की तडतड. मी लगेच निदान केलं, खटका झिजलाय. झिजलेल्या खटक्यानेही असंच होतं हे खरं आहे, म्हणून निदान मला पटलं आणि मी दुसरं काही तपासलंच नाही.

तपासायला हवा होता तो गॅस. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आणि त्याच्यावरच्या वायूचा दाब सिलिंडर किती भरलंय यावर नाही, तर ते किती गार आहे यावर ठरतो. २१ अंश सेल्सियसला हा दाब सुमारे ८५० पीएसआय असतो. शून्य अंशाला तो ५०० पीएसआयच्या आसपास उतरतो. म्हणजे मार्करला लागतो त्याच्या जेमतेम साठ टक्के. त्यात एकामागून एक उडवत गेलं की द्रवाची वाफ होताना सिलिंडर आणखी गारठतं आणि दाब आणखी पडतो. सिलिंडर तासभर घरात ठेवून पुन्हा पाहिलं असतं तर आमचं मार्कर तिथल्या तिथे बरं झालं असतं. पाण्याचा दाब, वाफेचा दाब, हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. गॅरेजमध्ये त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

मी मार्कर उघडलं. टिपमनचं अंग दोन अर्धुकांचं असतं. ती आडवी ठेवून, वरचं अर्धुक अलगद उचलून, आतलं सगळं जागच्या जागी बघत, फोटो काढत उघडायचं असतं. मी हातात धरूनच उघडलं, आणि ट्रिगरची स्प्रिंग कुठे होती हे कळायच्या आत ती उडून गेली. त्याआधी स्क्रूंशी झटापट झाली होती. ही मार्करं इंचाच्या मापात बनलेली. माझ्या पेटीतल्या अ‍ॅलन की भारतातून आणलेल्या, मिलिमीटरच्या. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. ३ मिलिमीटरची की त्यात बसते, थोडी हलते, आणि जोर लावला की स्क्रूच्या आतले कोपरे खाऊन टाकते. एका स्क्रूचं डोकं मी असं गुळगुळीत केलं आणि शेवटी ते ड्रिलने काढावं लागलं. इंचाच्या अ‍ॅलन कींचा संच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात अगदी थोड्या पैशात मिळतो.

मग मी खटका कानसला. धार बोथट दिसतेय म्हणून कानशीने तासून टोकदार केली. आता लिहिताना अंगावर काटा येतो. हॅमरला अडवून धरणारी जागा इवलीशी असते. ती कानशीने तासली की पकड वाढत नाही, कमी होते, आणि मग धक्का लागला तरी हॅमर सुटू शकतो. सुरक्षेशी संबंध असलेल्या भागाला घरी कानस लावायची नसते. तो बदलायचा असतो.

मार्कर जोडलं, सिलिंडर लावलं, हॅमर मागे ओढला आणि ते टेबलावर ठेवलं. हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, काढलेला होता, म्हणून ते रिकामं आहे असं मी धरून चाललो. बॅरलच्या तोंडावर कापडी मोजा चढवलेला नव्हता. लेक समोर उभी होती, मास्क न लावता, कारण घरातच तर होतो. टेबलावर ठेवतानाच्या त्या हलक्या धक्क्याने मार्कर सुटलं. आत एक गोळी अडकून राहिलेली होती. ती तिच्या खांद्याच्या बाजूने जाऊन मागच्या फळीवर फुटली.

पेंटबॉलची गोळी जिलेटिनची असते, आतला रंग पाण्याने धुऊन निघतो, म्हणून आपण तिला खेळणं समजतो. तिचा व्यास १७ मिलिमीटर आणि वजन साधारण ३ ग्रॅम असतं. मैदानावर परवानगी असते त्या सेकंदाला ३०० फुटांच्या वेगाने ती सुटते तेव्हा तो वेग ताशी ३२५ किलोमीटरच्या वर असतो. अंगावर काळानिळा डाग पडतो, डोळ्यावर लागली तर डोळा जातो. साधा चष्मा किंवा गॉगल तिथे उपयोगाचा नाही, पेंटबॉलसाठी बनवलेला मास्कच लागतो. हे लेकीला मी मैदानावर दर वेळी बजावून सांगत होतो. गॅरेजमध्ये तोच नियम लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली आणि ते मार्कर कपाटात टाकलं.

पुन्हा काढलं तेव्हा नवा खटका आणि नव्या स्प्रिंग मागवल्या. खटक्याचा दोष गेला. पण तोवर मी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. हॅमर जड सरकतोय असं वाटून मी आत गंज सोडवायचा फवारा मारला होता. त्यातल्या पेट्रोलियमच्या द्रावकाने काही जातींचं रबर फुगतं. हॅमरवरची ओ-रिंग फुगून घट्ट झाली आणि हॅमर पहिल्यापेक्षाही जड चालू लागला. या मार्करला हवेवर चालणाऱ्या हत्यारांचं तेल लागतं. सिलिंडर जोडायच्या तोंडात त्याचे थोडे थेंब सोडायचे आणि गोळी न घालता काही वेळा उडवायचं, म्हणजे गॅसच ते तेल आतपर्यंत नेतो. हॅमर मागे न येण्याच्या तक्रारीत गार गॅसनंतरचा दुसरा संशयित ही कोरडी किंवा चिरलेली ओ-रिंगच असते. खटका बराच नंतर येतो.

गळतीच्या बाबतीतही मी असाच चुकलो. सिलिंडरच्या जोडापाशी सूं आवाज आला की मी ते आणखी आवळायचो. आवळल्याने तिथली ओ-रिंग चिरडली जाते, गळती वाढते. पुण्याच्या घरी स्वयंपाकाचा गॅस गळतोय का हे साबणाचा फेस लावून बघायचो, तीच रीत इथे चालते. फेस जोडापाशी फुगला तर सिलिंडरच्या तोंडची ओ-रिंग बदलायची. ती पॉलियुरेथेनची घ्यावी, साध्या काळ्या रबराची गॅस शोषून फुगते नि फाटते. गॅस बॅरलमधून येत असेल तर दोष आत, व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असतो, आणि बाहेरून कितीही आवळलं तरी तो जात नाही. हे ऐकायला मी एकदा बॅरलच्या तोंडाशी कान नेला होता. तसं कुणी कधीही करू नये. मास्क लावून, गोळी नसल्याची खात्री करून, लांब धरलेल्या पातळ कागदाची फडफडही तेच सांगते.

हिवाळ्यातल्या चुकीने उन्हाळ्यात पुन्हा गाठलं. थंडीत गोळी जवळच पडते म्हणून मी वेगाचा स्क्रू उलटा फिरवून वेग वाढवला होता, आणि नंतर ते विसरून गेलो. जूनमध्ये, कडक उन्हात, आम्ही मैदानावर गेलो. गॅस तापलेला, दाब चढलेला, स्क्रू सैल. प्रवेशापाशी क्रोनोग्राफवर वेग मोजतात, तिथे आकडा ३०० च्या बराच वर गेला आणि रेफरीने मार्कर बाजूला ठेवलं. ते त्याने ठेवलं म्हणून बरं झालं. वेग त्या दिवशीच्या हवेत, त्या दिवशीच्या गॅसवर मोजायचा आणि तेव्हाच स्क्रू फिरवायचा. लेक भाड्याचं मार्कर घेऊन खेळली. परत येताना तिने मला १९८१ सालच्या २७ जूनची गोष्ट सांगितली. न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी पेंटबॉलचा पहिला सामना झाला, बाराजण जंगलात शिरले, झाडांवर आणि गुरांवर खूण करायची रंगाची पिस्तुलं घेऊन, आणि जिंकला तो रिची व्हाइट, एकदाही न उडवता. मी ऐकत राहिलो. माझ्यावरचा तिचा राग गेला होता.

त्याच मैदानावर मार्करं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने आमचं सिलिंडर हातात घेतलं आणि त्याच्या मानेवरचे पान्याचे ओरखडे पाहून मला थेट विचारलं, हे कुणी केलं? मीच केलं होतं. मानेपाशी गळतंय असं वाटून व्हॉल्व्हला पाना लावला होता. त्याने सांगितलं ते ऐकून मी तिथेच खाली बसलो. सिलिंडर मार्करमधून काढताना सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह एकत्र फिरले पाहिजेत. व्हॉल्व्ह सैल झालेला असेल तर तो मार्करमध्येच अडकून राहतो आणि आपण फिरवतो ते नुसतं सिलिंडर. शेवटचा आटा सुटला की आतला सगळा दाब एकदम बाहेर पडतो आणि सिलिंडर क्षेपणास्त्रासारखं उडतं. अमेरिकेत यात माणसं दगावली आहेत. आमचं सिलिंडर त्याने तिथेच बाद केलं.

आता आम्ही दाबाखालची हवा वापरतो. तिच्या टाकीवर रेग्युलेटर असतो, त्यामुळे मार्करला जाणारा दाब थंडीत फारसा पडत नाही. ते जुनं टिपमन आजही उत्तम चालतं, आणि ते उघडताना लेक शेजारी असते. दोघंही मास्क लावतो. आधी टाकी काढायची, मग बॅरल मोकळ्या दिशेला धरून आतला उरलेला गॅस उडवायचा, मग बॅरल काढून गोळी नाही हे बघायचं, आणि त्यानंतर अ‍ॅलन की हातात घ्यायची.

तुमच्या घरी असं मार्कर असेल तर आजच दोन गोष्टी करा. सिलिंडरवर ठोकलेली तपासणीची तारीख वाचा. अमेरिकेत अशा सिलिंडरची दर ५ वर्षांनी दाबाखाली तपासणी करून घ्यावी लागते, आणि मुदत संपली असेल तर ते भरून घेऊ नका. दुसरं, व्हॉल्व्ह नि सिलिंडर यांच्या सांध्यावरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा. सिलिंडर काढताना ती रेघ तुटलेली दिसली तर फिरवणं तिथेच थांबवा, हात लावू नका, आणि जाणत्या माणसाला बोलवा.