खारीचा वाटा

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला 'खारीचा वाटा' म्हटलं की सेतू बांधताना खारीने वाहून नेलेली वाळू आठवते. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो आणि आता उर्दू माध्यमातच शिकवतो. आमच्या मुलांना गिलहरी भेटते ती इक्बाल यांच्या 'एक पहाड और गिलहरी' या कवितेत. एमर्सनच्या इंग्रजी कवितेच्या आधाराने इक्बाल यांनी ती मुलांसाठी लिहिली. १९२४ च्या 'बांगे दरा'मध्ये ती आहे. तिथे गर्विष्ठ पहाडाला एवढीशी गिलहरी असं उत्तर देते की पहाडाची बोलती बंद व्हावी. दोन्हीकडे खार लहान, पण मानाची. आमच्या अंगणात मात्र २०२२ पासून खारीच्या वाट्याला वेगळाच अर्थ आला आहे. चिमण्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांतला किती भाग तिच्या पोटात जातो, तो खारीचा वाटा.

घर खानदेशातल्या एका कसब्याच्या जुन्या मोहल्ल्यात. बहुतेक घरांवर आता स्लॅब पडले. आमच्याकडे अजून अंगण आहे आणि अंगणात कडुलिंब. अब्बा फजरची नमाज पढून आले की मूठभर बाजरी अंगणात टाकायचे. माणसाने लावलेलं, पेरलेलं पाखरांनी, माणसांनी, जनावरांनी खाल्लं तर तो सदका होतो, ही हदीस लहानपणी आम्हाला त्यांच्याच तोंडून कळली. २०२१ मध्ये अब्बा गेले. तेव्हापासून दाणे अम्मी टाकते, आणि अब्बांच्या नावाने टाकते. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न नुसत्या बाजरीचा नाही. पावशेर दाण्यांचा हिशोब असता तर कुणी एवढी डोकेफोड केली नसती.

जमिनीवरच्या दाण्यांपाशी मांजर दबा धरून बसू लागली, म्हणून धाकट्या भावाने तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला खिडक्या कापल्या, पावसाचं पाणी निथळावं म्हणून तळाला भोकं पाडली आणि सुतळीने कॅन कडुलिंबाला टांगला. चिमण्या दोन दिवस तारेवर बसून नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी उतरल्या. पाचव्या दिवशी खार आली.

तिचं येणं बघण्यासारखं असतं. आमच्याकडची ही पाच पट्ट्यांची खार, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. खोडावरून उलटी, डोकं खाली करून उतरते, फांदीच्या टोकाला थांबून शेपटी झटकते, चिक्‌चिक्‌ करून सगळ्या मोहल्ल्याला आपण आल्याचं कळवते आणि सुतळीवरून थेट कॅनच्या आत. मग पुढचे दोन पाय हातासारखे धरून एकेक दाणा सोलून खाणं. घाई नाही. अम्मीने हौसेने घातलेले शेंगदाणे आधी संपतात, मग तांदळाची कणी, बाजरी सगळ्यात शेवटी. तेवढा वेळ चिमण्या तारेवर. आठवड्याभरात तिने सुतळीच कुरतडली आणि कॅन दाण्यांसकट खाली आला. उंदराच्याच घराण्यातली ती. दात सतत वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी लागतंच. भावाने सुतळीऐवजी बाइंडिंगची तार लावली, तर बाईसाहेब तारेवरून घसरत आल्या.

आमचा मामूजाद भाई न्यू जर्सीत असतो. फोनवर हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "भाईजान, इथे तर लोकांनी या एका कामात उमरी घालवल्या!" तिथली करडी खार आमच्या खारीच्या पाचपट, अर्धा किलोची. तिच्यासाठी तिथे असे फीडर मिळतात की ती बसली की तिच्याच वजनाने दाण्यांची दारं बंद होतात. चिमणी बसली तर उघडी राहतात. पण आम्हाला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. खारीला सहसा न आवडणारे म्हणून तिथे जे दाणे विकतात त्यांत एक करडई आणि दुसरे आपले कारळे. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळे हिंदुस्तानातून तिकडे पाखरांसाठी जातात, आणि त्यातून तण उगवू नये म्हणून भट्टीत तापवल्याशिवाय दुकानात येत नाहीत. आम्ही दुसऱ्याच दिवशी बाजारातून पावभर करडई आणली. खारीने हुंगली आणि सोडली. चिमण्यांनीही फार मान दिला नाही. त्यांना बारीक दाणा हवा. तरी धडा मिळाला. शेंगदाणे बंद झाले, बाजरी आणि राळा राहिला, आणि खारीच्या खेपा निम्म्यावर आल्या.

मामूजाद भाईने दुसरा इलाज सांगितला तो तिखटाचा. दाण्यांना लाल तिखट चोळायचं. खार पळते, पाखरांना काही होत नाही. हे ऐकून अम्मी म्हणाली, "यात नवं काय? आपल्या नानीचा मिठू हिरवी मिरची कशी खायचा?" खरंच आहे. तिखटाची आग ओळखणारा जो दरवाजा आपल्या नसांमध्ये असतो, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पाखरांच्या अंगातही तो दरवाजा आहे, पण मिरचीच्या किल्लीने उघडत नाही. मिरचीच्या झाडाला ते सोयीचंच: पाखरं बी अख्खं गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. आठवीच्या वर्गाला हे सांगितलं तेव्हा मुलांनी घरोघरी मिठूंवर प्रयोग केले. पण अम्मीने तिखटाला नाही म्हटलं. वाऱ्याने उडून तिच्या डोळ्यांत गेलं तर? आणि पुढे म्हणाली, "दाणा द्यायचा आणि वरून तिखट फेकायचं, हा कसला सदका?" शेजारच्या चाचांनी उंदराच्या औषधाचं नाव काढलं, तेव्हा तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाइपाला ग्रीस लावायचा इलाजही असाच गेला. ग्रीस केसांना, पिसांना चिकटतं आणि मग जनावर ते चाटत बसतं.

"जो आला, तो आपल्या नशिबाचा दाणा खाऊन गेला," हे अम्मीचं म्हणणं. शाळेत आम्हाला ते रोज आठवतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, आणि हिशोब पटावरच्या हजेरीवर. पण आमच्या मुली शाळेत येताना तीन-चार वर्षांचा भाऊ कडेवर घेऊन येतात, कारण अम्मी दुसऱ्याच्या घरी कामाला गेलेली असते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी अशा एकाला ताटलीसमोर बघून विचारलं, "हा कितवीत?" बहिणीने पटकन सांगितलं, "सर, ये मेरे में से खाता है।" साहेब पुढे गेले. तिने खरंच आपल्या ताटलीतली अर्धी खिचडी त्याच्याकडे सरकवली होती. तेव्हापासून वाढणाऱ्या खालाजानची पळी अशा ताटल्यांत जरा खोल जाते. आम्ही बघतो आणि हजेरीची वही उघडतो.

इथपर्यंत आम्ही खारीच्या बाजूनेच होतो. पण खार नुसते दाणे खात नाही. व्हरांड्यात भावाने लाकडी खोकं ठोकलं होतं, त्यात चिमण्यांचं घरटं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये खारीने खोक्याचं भोक दातांनी मोठं केलं आणि आत शिरली. खाली अंड्यांची टरफलं पडली. चिमणी दिवसभर खोक्याभोवती ओरडत होती आणि अम्मी जेवली नाही. खारीचं खाणं मुख्यतः फळं, बिया, किडे. पण अंडी सापडली तर ती सोडत नाही. यात तिचा गुन्हा नाही. पण घर आपण बांधून दिलं, तर त्याची राखणही आपल्याकडेच आली.

चिमण्यांची गोष्ट निघाली की नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचं नाव निघतंच. त्यांच्या प्रयत्नाने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. २०२० मध्ये देशातल्या पाखरांचा जो मोठा अहवाल निघाला, त्यात चिमणी देशभर मिळून टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे, असं आढळलं. आमच्या कसब्यात ती आहे, पण कौलं आणि वासे गेले तशी तिची घरटी गेली. शिवाय एक गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. चिमणीच्या कोवळ्या पिलांना दाणा चालत नाही, पहिले दिवस त्यांना किडे-अळ्या लागतात. म्हणजे बाजरीच्या कॅनपेक्षा अंगणातला कडुलिंब आणि भिंतीकडेचं गवत जास्त मोलाचं. अम्मी आता गवत उपटू देत नाही. पाहुण्यांना ते अस्वच्छ वाटतं, वाटू दे.

तर मग आम्ही नेटाने कामाला लागलो. नव्या खोक्याला सव्वा इंचाचं भोक आणि त्याभोवती पत्र्याची चकती, म्हणजे दात चालत नाहीत. कॅन झाडावरून काढला. अंगणाच्या मधोमध, फांदी आणि भिंत दोन्हींपासून दहा फूट लांब, लोखंडी पाइप गाडला. अंगण लहान, त्यासाठी कडुलिंबाची एक फांदी छाटावी लागली. पाइपावर पाच फुटांच्या उंचीला पत्र्याचं मोठं नरसाळं, तोंड खाली करून. खार पाइपावरून सरसर चढते, नरसाळ्याच्या आत डोकं आपटते, खाली येते. पहिल्या दिवशी तिने हे अकरा वेळा केलं. आमच्या धाकटीने मोजलं. चिमण्या वर खात होत्या.

आता ती पाइपाखाली बसते. चिमण्या फार सांडलवंड करतात, तेवढं तिचं. समोरच्या भिंतीवर अम्मीने तिच्यासाठी वेगळी पत्र्याची ताटली ठोकून घेतली आहे, तिच्यात दुपारी चार शेंगदाणे. दोन्ही जागा रोज झाडायच्या आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवायच्या, नाहीतर बुरशी लागून पाखरं आजारी पडतात. ते काम आमच्याकडे आहे.

नरसाळं मोहल्ल्यातल्या पेट्या करणाऱ्या चाचांनी करून दिलं. अब्बांच्या नावाचं काम म्हणून त्यांनी पैसे घेतले नाहीत. खारीच्या ताटलीचे मात्र चाळीस रुपये घेतले. त्यांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावरची कापसाची गादी खारीने फोडून नेलेली आहे.