आभाळातलं पाणी वजा करताना

बडनेऱ्यात जून लागला की सगळे ढगांची वाट पाहतात. माझ्या कामाला मात्र कोरडं आभाळ लागतं. मिलिमीटरपेक्षाही आखूड लहरी मी पाहतो. तारा जन्मण्याआधीची धूळ आणि वायू उणे 260 अंशांच्या आसपास गारठलेले असतात. साध्या प्रकाशात काळे, या लहरींत उजळ. पण हवेतली वाफ या लहरी वाटेतच गिळते. म्हणून ‘आल्मा’ या दुर्बिणीच्या 66 अँटेना चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, 5000 मीटर उंचीच्या पठारावर उभ्या आहेत. तिथल्या चांगल्या रात्री डोक्यावरच्या सगळ्या वाफेचं पाणी केलं, तरी मिलिमीटरभर थर भरत नाही.

उरलेली वाफसुद्धा क्षणाक्षणाला बदलते. 12 मीटरच्या अँटेनांवर ती मोजणारी यंत्रं असतात. 183 गिगाहर्ट्‌झजवळ वाफ स्वतः चमकते, त्यावरून लहर किती रेंगाळली हे काढून वजा करायचं. यंत्र आकडा देतं. कोणत्या अँटेनाचं कोणतं मिनिट टाकून द्यायचं, हे जाणत्याशेजारी बसूनच कळतं. माझा हात पीएचडीत नाही, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकमध्ये बसला.

म्हणून अमरावतीची मुलं पोस्टडॉकसाठी कुठे अर्ज करू विचारतात, तेव्हा मी सांगतो, पगार आणि शहर नंतर. दुर्बिणीजवळ किती बसू देतील ते आधी विचारा. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या चिलीतल्या फेलोशिपमध्ये जवळपास निम्मा वेळ वेधशाळेच्या कामाचा असतो. अशा जागांचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरात भरावे लागतात.

“तीन वर्षानं मंग काय? पक्की नौकरी कधी लागीन?” आईचा हा प्रश्न रास्त आहे. दर दोन-तीन वर्षांनी देश बदलायचा, हा भार घरचेही वाहतात. मुलांना मी हे लपवून ठेवत नाही.

सुरुवात मात्र इथूनच होते. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 अँटेना आहेत. तिथल्या लहरी कितीतरी लांब, पण अनेक अँटेना जोडून चित्र काढायचं गणित तेच. शिवाय आल्माची निरीक्षणं साधारण वर्षभरानं सगळ्यांना खुली होतात. एचएल टाउरी ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या कड्यांची 2014 ची निरीक्षणं बडनेऱ्यातल्या बीएस्सीच्या मुलीलाही उतरवून घेता येतात. तिनं आधी वाफ वजा न करता चित्र काढावं, मग वजा करून, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.