दुसरा चहा

"तू राहायला आलीस की माझी काउन्सिल टॅक्सची २५ टक्के सूट गेली बघ!" तो हसत म्हणाला. एकट्या माणसाला मिळते ती सूट. मी पटकन म्हटलं, "तेवढे मी भरेन."

"अगं, तू काय भाडेकरू आहेस?"

भाडेकरू नाही, बायकोही नाही. मग कोण? त्या रात्री झोप लागली नाही.

मी सत्तावन्नची, तो बासष्टचा. दोघांचेही जोडीदार गेलेले, मुलं मार्गी लागलेली. लग्न नको, पण सोबत हवी. माझं हॅरोतलं छोटं घर. त्याचा बीकन्सफील्डला पाच बेडरूमचा बंगला. "तुझं घर विकून टाक, इथे तुला काय कमी आहे?" हे तो मनापासून म्हणत होता. अडचण तीच होती.

मला आई आठवत होती. बाबा गेल्यावर ती सांगलीला काकांकडे राहिली. तिला कोणी कधी उणं बोललं नाही. तरी दुपारी दुसरा चहा हवासा वाटला की ती आधी काकूंच्या चेहऱ्याकडे बघायची.

इथे पुष्कळांना वाटतं, की बरीच वर्षं एकत्र राहिलं की कायदा बायकोच मानतो. इंग्लंडच्या कायद्यात तसं काही नाही. मृत्युपत्र न करता तो गेला, तर घर त्याच्या मुलांचं. कोर्टात दाद मागता येते. पण त्या मुलांसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहणार?

हे सगळं बोलले तेव्हा तो दुखावला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. पण तुझ्या माघारी काय?"

दोन दिवस त्याचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी आला : "सॉलिसिटरची वेळ घेतली आहे."

आता कागद झाले आहेत. त्याच्या पश्चात मला दोन वर्षं तिथे राहता येईल, नंतर घर मुलांचं. हे मुलांना त्यानेच सांगितलं. हॅरोचं घर विकलं नाही, भाड्याने दिलं. आणि काउन्सिल टॅक्सचा तो चौथा हिस्सा दर महिन्याला माझ्या खात्यातून जातो. तो अजून त्यावरून चिडवतो.

दुपारी दुसरा चहा टाकताना अजूनही हात क्षणभर थबकतो. मग टाकते. दोन कप.