राजाबाईच्या घड्याळाखाली

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडताना वर बघायची सोय नसते. एकाच वेळी क्रिकेटचे दहा-बारा सामने चालू असतात आणि कुठला चेंडू कुठून येईल याचा नेम नाही. पण परवा भाचीने बाही ओढून मला थांबवले. ती एम. ए.ला आहे आणि समोरच्या राजाबाई टॉवरवरच तिला प्रबंधिका लिहायची आहे.

मामा म्हटल्यावर माहिती पुरवणे आलेच! उंची २८० फूट, बांधकाम १८६९ ते १८७८, आराखडा विलायतेच्या गिल्बर्ट स्कॉटचा. या गृहस्थाने मुंबईत पाऊलही टाकले नाही! पैसा कापसाच्या व्यापारातले प्रेमचंद रायचंद यांचा. दोन लाख विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि दोन लाख आईच्या नावाच्या मनोऱ्याला. मग माझी हुकमी गोष्ट. राजाबाई आंधळ्या होत्या, जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत; त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हे घड्याळ बांधले. निदान पन्नास पाहुण्यांना मी ती ऐकवली असेल.

आत रंगीत काचांतून उजेड झिरपत होता. ग्रंथपालबाईंनी भाचीची संदर्भयादी पाहिली आणि एका पुस्तकावर बोट ठेवले.

"हे कुठं मिळालं?"

"चॅटबॉटनं सांगितलं."

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची सरकवून त्यांनी तिलाच संगणकापुढे बसवले. आधी ग्रंथालयाची सूची, मग देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध जिथे ठेवतात ते शोधगंगा, मग जगातल्या हजारो ग्रंथालयांची एकत्र यादी असलेले वर्ल्डकॅट. लेखक होता, सालही होते. पुस्तक मात्र कुठेच नव्हते! "शब्दामागून कुठला शब्द शोभेल हे त्याला कळतं," बाई म्हणाल्या, "कपाटात काय आहे ते नाही."

मी मिशीत हसलो. आमच्या वेळी कॉलेजात खणातली कार्डे चाळावी लागत; कार्ड असले की पुस्तक असायचेच, फार तर कुणी लांबवलेले!

"मामांची गोष्ट तरी घालू ना?" भाचीने विचारले.

"घाल की. मामांनी कुठं वाचली?"

मला आठवेना. बाईंनी त्यातले एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायला लावले. पानेच पाने निघाली, आणि शब्द बहुतेक तेच. "ही वीस माणसांची साक्ष नव्हे," त्या म्हणाल्या, "एकाचीच वीसदा. आता साल घालून मागं मागं जा." अर्धा तास आम्ही मागे गेलो. राजाबाईंच्या काळापर्यंत पोचणारे काही हाती लागले नाही. गोष्ट खोटी आहे, असे बाई म्हणाल्या नाहीत. भाचीने वहीत लिहिले : 'अशी आख्यायिका सांगतात.' ती ओळ मला जरा लागलीच.

बाहेर आलो तो पाचाचे ठोके पडत होते. फाटकाशी एक छोटा वडिलांना विचारत होता, "बाबा, राजाबाई कोण?" बाबा गप्प. माझी जीभ वळवळली. भाची माझ्याकडे रोखून बघत होती.

"असं म्हणतात हं बाळ—" मी सुरुवात केली.