बाबा, बॅटरी आणि बारा व्होल्ट

टक्-टक्-टक्.

गाडीने एवढंच उत्तर दिलं. पहाटेचे पावणेसहा, डिसेंबरातली पुण्याची थंडी, बेसमेंट पार्किंगमध्ये मी आणि शेजारच्या सीटवर मफलर गुंडाळलेले बाबा. त्यांच्या मांडीवर डायलिसिसची फाइल.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सकाळी साडेसहाच्या शिफ्टला, चार तास. त्यांच्यानंतर त्याच मशीनवर दुसरा पेशंट ठरलेला. म्हणजे आपण उशिरा पोचलो तर उशिरापर्यंत ठेवत नाहीत, आपलेच तास कापले जातात.

बाबा दार उघडायला लागले. "थांब, उतरतो. धक्का देऊ." दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. आयुष्यात त्यांनी किती गाड्या धक्क्यावर सुरू केल्या असतील, देव जाणे.

"बाबा, ऑटोमॅटिक आहे ही. क्लचच नाहीये."

ते गप्प बसले. ही गाडी मी हौसेने घेतली होती, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय वाचावा म्हणून! दोन कॅब कॅन्सल झाल्या, मग कशीबशी रिक्षा मिळाली. चार तासांऐवजी बाबांना सव्वातीन मिळाले. जेवढं पाणी काढायचं तेवढं निघालं नाही आणि रात्री ते तीन उशा लावून बसूनच झोपले. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन जंप स्टार्टर शोधत होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावायची. लावू की! पण पहाटे पावणेसहाला कोणाची बेल वाजवणार? रोडसाइड असिस्टन्सवाला मुलगा गोड बोलतो, पण 'तासाभरात पोचतो मॅडम' हे मला चालणारं नव्हतं.

घाईत मी जे मागवलं ते अगदीच खेळणं निघालं. खोक्यावर ठळक अक्षरांत '२००० अँपिअर पीक', आत टॉर्च, कंपास (पार्किंगमध्ये कंपास कशाला, यार?) आणि किंमत मस्त कमी. रविवारी ट्रायल घेतली. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, हातात त्यांचा जुना मल्टिमीटर. बॅटरी ११.४ व्होल्ट दाखवत होती. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. मी स्टार्टर लावला, बटण दाबलं. एक बीप, लाल दिवा, खेळ खलास.

बाबांनी त्याची वायर दोन बोटांत धरली. "ही वायर बघ. यातून दोन हजार अँपिअर जाणार? मोबाइल चार्जरची वाटतेय."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी एक्सेल शीट उघडली, बाबांनी जुन्या डायरीचं मागचं पान. पहिलं लक्षात आलं ते हे, की 'पीक' आकडा हा क्षणाचा असतो. इंजिन फिरवायला दोन-तीन सेकंद सलग करंट लागतो, तो 'स्टार्टिंग' किंवा 'क्रँकिंग' नावाने वेगळा लिहिलेला असतो. लिहिलाच नसेल तर समजून जा. माझ्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीला साधारण दीड-दोनशे अँपिअर पुरतात, डिझेलला बरेच जास्त लागतात.

दुसरी गंमत एमएएचची. तो आकडा आतल्या एकेका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. त्यामुळे त्याला ३.७ ने गुणायचं आणि वॉट-अवर काढायचे. माझं खेळणं ६००० एमएएच, म्हणजे जेमतेम २२ वॉट-अवर. "आमच्या एसटीला चोवीस व्होल्ट लागायचे," बाबा म्हणाले, "आणि बॅटरी उचलायला दोन माणसं. हे तर डबा आहे खाऊचा!" पण डब्यावर त्यांची नजर बसली होती, हे मला दिसत होतं. कितीतरी महिन्यांनी ते क्रिएटिनिनबद्दल न बोलता सलग तासभर बोलत होते.

क्लॅम्पवर ते अडून बसले. जाड, तांब्याच्या जबड्याचे हवेत, आणि मध्ये तो छोटा कंट्रोल बॉक्स हवाच. लाल-काळा उलटा लागला तर तो करंट सोडत नाही. काहींवर 'बूस्ट' बटण असतं. बॅटरी इतकी मेलेली असते की स्टार्टरला ती लावलीय हेच कळत नाही, तेव्हा ते वापरायचं. पण त्या वेळी ही सगळी सुरक्षा सहसा बंद असते, म्हणून दाबण्यापूर्वी लाल प्लसवर आहे ना, ते दोनदा बघायचं. लिथियम सेलला बीआयएस नोंदणी आहे का, हेही पाहिलं. उशापाशी आग ठेवायची नव्हती मला.

शेवटी १६००० एमएएचचा घेतला, म्हणजे ५९ वॉट-अवर. पावणेसहा हजार गेले. टॉर्च यालाही आहे, कंपास नाही.

ठेवायचा कुठे, यावरून मात्र वाद झाला. मी म्हटलं डिकीत. बाबा म्हणाले, "आणि बॅटरी बसल्यावर डिकीचं इलेक्ट्रिक लॉक कोण उघडणार, मी?" शिवाय एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत लिथियम भाजून काढणं काही शहाणपणाचं नाही. सो, तो घरात शू-रॅकवर असतो, डायलिसिसच्या फाइलशेजारी. दर तीन महिन्यांनी चार्ज करायचा रिमाइंडर फोनवर आहे. बाबांचा डायरीत आहे.

बॅटरीही बदलली, अर्थात. ती चार वर्षांची होती आणि माझा डॅशकॅम पार्किंगमध्येही रात्रभर तिचं रक्त पीत होता. "बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात," बाबा म्हणाले. डॅशकॅमचं पार्किंग मोड त्यांनी स्वतः समोर बसून बंद करून घेतलं.

गेल्या मंगळवारी आम्ही खाली उतरलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी टक्-टक् करत होती. त्यांना एअरपोर्ट गाठायचा होता. बाबांनी घड्याळ पाहिलं, पाच चाळीस. "दहा मिनिटं आहेत आपल्याकडे. जा, आण तो डबा."

मी धावत वर जाऊन आले तोवर बॉनेट उघडलं होतं आणि बाबा मफलर सोडून गाडीवर वाकले होते. मी लाल क्लॅम्प प्लसवर लावला, काळा हातात घेतला.

"मायनसवर नको," बाबा म्हणाले, "तो बोल्ट दिसतोय ना इंजिनाचा, तिथे. हं. काका, मारा आता. तीन सेकंदच. नाही झाली तर थांबा, परत मारत सुटू नका."

पहिल्या फटक्यात सुरू झाली. क्लॅम्प मी लगेच काढले. काका थँक्यू थँक्यू करत होते, बाबा त्यांना सांगत होते की बॅटरी यातून चार्ज झालेली नाही, वाटेत कुठेही इंजिन बंद करू नका, आणि परत आलात की ती टेस्ट करून घ्या.

आम्ही सहा पंचवीसला पोचलो.