दोन घरांची काळी शाई

लातूरला उद्योग भवनाच्या परिसरात संध्याकाळी एक बॅच सुटते आणि दुसरी आत जाते. मधल्या थोड्या वेळात रस्त्यावर पाठीवरच्या सॅकांशिवाय काही दिसत नाही. या गर्दीवर जगणारी दुकानं मुख्यतः दोन प्रकारची, खाण्याची आणि झेरॉक्सची. झेरॉक्सच्या दुकानातला तो उबदार, किंचित जळकट वास मला फार आवडतो. मशीनमधून नुकता बाहेर आलेला कागद हाताला कोमट लागतो आणि पोरं तो तसाच छातीशी धरून क्लासकडं पळतात. नांदेडला भाग्यनगर-श्यामनगरकडं गेलं तरी हाच वास आणि हीच पळापळ. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर येतं, बोली थोडी हलते, पण लेकरांच्या हातातला काळ्या अक्षरांचा पांढरा कागद दोन्हीकडं सारखाच.

या कागदामागं मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव या प्राचार्यांच्या काळात जो ‘लातूर पॅटर्न’ घडला, त्यात सरावाला फार मोठं स्थान होतं. प्रश्नपत्रिका सोडवायची, तपासून घ्यायची आणि परत सोडवायची. ज्या काळात हे सुरू झालं त्या काळात शाळा-कॉलेजातून स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल काढायचे. अक्षरं पुसट यायची, हात काळे व्हायचे, पण मराठवाड्यातल्या साध्या घरातल्या मुलांना तेवढा कागद पुरला. पुढं हेच वाघमारे सर १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेड आणि लातूर यांना जोडणारा हाही एक धागा आहे.

माझी भाची लातूरला माझ्या भावाकडंच राहून नीटची तयारी करते. जेईई आणि सीईटी कॉम्प्युटरवर गेल्या, पण नीट अजून कागदावर होते. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण आणि काळ्या बॉलपेननं भरायचे ओएमआरचे गोल. फोनवर शेकडो प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्याबद्दल तिची तक्रार नाही. ती म्हणते, “आत्या, स्क्रीनवर वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. कागदावर सोडवायला बसलं की कुठं अडतंय ते कळतं. आणि गोल भरायला लागणारा वेळ स्क्रीनवर कसा मोजू?” मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. जी परीक्षा कागदावर द्यायची, तिचा सराव कागदावरच झाला पाहिजे. एक पूर्ण प्रश्नपत्रिका छापायची तर दोन डझन पानं सहज लागतात. दुकानात प्रिंटला कुठं दोन रुपये पडतात, कुठं पाच. शिवाय रात्री दहा वाजता, जेव्हा पोरगी खरोखर अभ्यासाला बसलेली असते, तेव्हा दुकानाचं शटर खाली असतं.

म्हणून भावाचा फोन आला. “ताई, घरासाठी स्वस्तातला प्रिंटर सांग. काळा-पांढराच चालेल.”

त्याच सुमारास इकडं नांदेडला आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनाही प्रिंटर हवा होता. लोह्याजवळ आमची कोरडवाहू जमीन आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पंधरा रुपये भरले की हातात येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज राहत नाही. अण्णांना या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. आयुष्यभर त्यांनी एका उताऱ्यासाठी सज्जाच्या खेपा घातलेल्या आहेत. आता स्वतःच्या शेताचा कागद स्वतःच्या घरात छापून निघावा ही त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते.

एकाच घराण्यातली दोन घरं, दोघांची मागणी अगदी सारख्या शब्दांत आलेली, आणि तरी दोघांसाठी यंत्रं वेगवेगळी घ्यावी लागली. ती तशी का घ्यावी लागली, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

स्वस्त प्रिंटर म्हणजे कमी किमतीचा प्रिंटर, हा समज दुकानाच्या दारातच सोडून द्यावा. यंत्र एकदाच घेतलं जातं, शाई आणि कागद जन्मभर लागतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरकर घागरीगणिक हिशेब करायला शिकले. प्रिंटरचा हिशेब तसाच पानागणिक करायचा. हे बरेच जण सांगतात. त्याच्या पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. महिन्याला किती पानं छापता, एवढं विचारून भागत नाही. दोन छपायांमध्ये किती दिवसांचा खंड पडतो, हेही विचारावं लागतं. माझ्या मते निवड या दुसऱ्या प्रश्नावर ठरते.

काळा-पांढरा छापणारी घरगुती यंत्रं दोन जातींची असतात. पहिली लेझर. तिच्या मुळाशी असलेली युक्ती चेस्टर कार्लसन या माणसाची. न्यूयॉर्कमध्ये तो एका कंपनीच्या पेटंट विभागात होता. कागदपत्रांच्या प्रती हातानं किंवा टंकलेखन करून काढाव्या लागत, वेळ आणि पैसा दोन्ही जात, आणि त्याची बोटं संधिवातानं दुखत. लहानपणापासून आजारी आईवडिलांना पोसलेला, गरिबीतून वर आलेला माणूस. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी त्यानं आणि त्याच्या सहायकानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून त्यावर स्थिर वीज आणली, काचेवर लिहिलेली तारीख आणि वस्तीचं नाव त्यावर प्रकाशानं उतरवलं, वर बारीक पूड भुरभुरवली आणि ती मेणकागदावर उचलून घेतली. जगातली पहिली झेरॉक्स ती. पुढं वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. सोयीस्कर ऑफिस कॉपियर बाजारात यायला १९५९ साल उजाडलं. १९७१च्या सुमारास झेरॉक्स कंपनीतच गॅरी स्टार्कवेदरनं त्या ड्रमवर लेझरच्या किरणानं अक्षरं उमटवली आणि लेझर प्रिंटर जन्माला आला. घरातल्या छोट्या लेझरमध्ये आजही हेच घडतं. ड्रमवर वीज येते, किरण त्यावर अक्षर काढतो, टोनरची पूड तिथंच चिकटते आणि सुमारे दोनशे अंशांच्या तापलेल्या रोलरखाली वितळून कागदात बसते. लातूरच्या त्या दुकानांतला वास या तापलेल्या पुडीचा आणि कागदाचा आहे.

ही पूड कोरडी असते. ती वाळत नाही, जमत नाही. लेझर दोन महिने झाकून ठेवा, मे महिन्यात नांदेडचा पारा चव्वेचाळीसला टेकू द्या, नंतर बटण दाबा. पहिलं पान जसं हवं तसं निघतं. अण्णांचं काम याच पद्धतीचं आहे. पेरणीच्या वेळी दोन उतारे, पीकविम्याची पावती, नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा कागद, आणि मधे सगळी शांतता. त्यांच्यासाठी मी कॅननचा जुना एलबीपी २९०० शोधला. सरकारी कचेऱ्यांत आणि सेतू केंद्रांत वर्षानुवर्षं राबलेलं हे मॉडेल, आणि ऑफिसांतून बाहेर पडलेली यंत्रं चांगल्या स्थितीत मिळतात. त्याचं कार्ट्रिज बाजारात १२ए या नावानं ओळखलं जातं आणि साधारण दोन हजार पानं देतं. मूळ कंपनीचं कार्ट्रिज घेतलं तर एकेका पानाला रुपयाहून पुष्कळ जास्त पडतं. पण अण्णा वर्षाला दोन हजार पानं छापणार आहेत कुठं? पानाचा दर चढा असूनही त्यांचा वर्षाचा खर्च सगळ्यात कमी राहतो, कारण काही वाया जात नाही. शिवाय नांदेडात टोनर भरून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. ते कार्ट्रिज उघडतात, उरलेली पूड झटकतात, ड्रम आणि ब्लेड बघतात, नवी पूड भरतात आणि पहिली प्रिंट उन्हात धरून तपासतात. या माणसांच्या हाताबद्दल मला फार आदर आहे. फेकून द्यायची वस्तू ते परत कामाला लावतात.

लातूरच्या घरात हेच यंत्र चुकलं असतं. तिथं रोज छपाई आहे आणि वीज हा मोठा प्रश्न आहे. लेझरचा रोलर तापताना सहज आठशे-हजार वॅट ओढतो, छापतानाही पाचशेच्या आसपास. घरातल्या साध्या इन्व्हर्टरला हा झटका सोसत नाही, आणि बहुतेक कंपन्या लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका असंच सांगतात. मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, लोडशेडिंग असताना प्रिंटर बंद पडला तर घेऊन उपयोग काय? म्हणून तिथं दुसरी जात घेतली, काळ्या शाईचा इंकटँक. एप्सनच्या एम मालिकेत अशी फक्त काळं छापणारी यंत्रं आहेत. त्यात कार्ट्रिज नसतं. बाटलीतून शाई थेट टाकीत ओतायची. एका मोठ्या बाटलीत कंपनीच्या मोजणीनं सहा हजार पानं निघतात. यंत्र वीस वॅटच्याही आत चालतं, इन्व्हर्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. शाई पिगमेंटची असल्यानं घामेजल्या तळहातानं अक्षर फिसकटत नाही. लातूरच्या उन्हाळ्यात हे किती महत्त्वाचं आहे ते तीन तास पंख्याखाली पेपर सोडवणाऱ्या पोरीला विचारावं.

मात्र या यंत्राला खंड चालत नाही. नोझल केसाहून बारीक असतात. कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर न वापरता ठेवलं तर शाई तोंडाशी सुकते, मग हेड क्लिनिंग करावं लागतं आणि त्यात शाई जाते. अण्णांच्या घरी हे यंत्र दर वेळी अर्धी शाई स्वतःला धुण्यातच घालवेल. भाचीच्या घरी नोझल सुकायला सवडच नाही. भावाला मी एवढंच सांगितलं, परीक्षा झाली, पोरगी सुट्टीला गेली, तरी आठवड्याला एक पान काढत जा.

कंपनीच्या पानांच्या आकड्याबद्दल थोडं सांगते, कारण यात खूप जण गोंधळतात. दोन हजार, सहा हजार हे आकडे ठराविक नमुन्याच्या पानावर मोजलेले असतात. त्या पानाचा साधारण पाच टक्के भागच काळा असतो. जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत हृदयाची आकृती, पेशीची आकृती, गच्च भरलेले पर्याय असतात. तिथं पानं आकड्यापेक्षा कमीच निघणार हे गृहीत धरावं. नव्या लेझरच्या खोक्यात येणाऱ्या कार्ट्रिजमध्येही बऱ्याचदा पूड कमी भरलेली असते. दुकानदाराला हे आधी विचारावं.

रंगीत का नको, हा प्रश्न वहिनीनं केला. पोरीला रंगीत आकृत्या बऱ्या पडतील असं तिला वाटत होतं. पण अनेक रंगीत यंत्रं काळं छापतानाही थोडाथोडा रंग वापरतात, नोझल धुताना चारही रंग खर्ची घालतात, आणि एखादा रंग संपला की साधा सातबाराही काढून देत नाहीत. नीटची खरी प्रश्नपत्रिका काळ्या-पांढऱ्यातच असते. आकृतीत रंग भरायचा असेल तर पोरीनं स्वतःच्या हातानं भरावा, रंगवता रंगवता लक्षातही राहतं.

अण्णांच्या यंत्राचा मला न सुचलेला एक उपयोग त्यांनीच शोधला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप त्यांना त्रास देतो. बाजारातला हरिपाठ खिशात मावेल एवढा, अक्षरं मोहरीएवढी. मी संगणकावर अक्षरं वीस पॉइंटची केली, ओळी मोकळ्या सोडल्या, आणि पानं छापून दोऱ्यानं शिवून दिली. आता ते चष्म्याशिवाय म्हणतात. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाची असायची, शतकं लोटली तरी अक्षर काळंच. टोनरच्या पुडीत आणि पिगमेंटच्या शाईतही काळेपणा घन रंगकणांचाच, म्हणून मला या पानांचा भरवसा वाटतो. शेजारच्या दोन आजी तसाच हरिपाठ मागायला आल्या. त्यांना छापून देताना अण्णा जे बसतात, जे पान न् पान उलटून बघतात, ते पाहून वाटतं, यंत्र घेतल्याचे पैसे इथंच वसूल झाले.

आता राहिला कागद. इंकटँकची बाटली हजार रुपयांची धरली तरी सहा हजार पानांत शाई पानाला सतरा पैशांची पडते. पाचशे कागदांचा रिम तीनशेला धरला तर एक कोरा कागदच साठ पैशांचा. म्हणजे शाईपेक्षा कागद साडेतीन पट महाग. खरी बचत स्वस्त शाईत नाही, बॅक टू बॅक छापण्यात आहे. ज्या घरात रोजची छपाई आहे त्यांनी आपोआप दोन्ही बाजूंना छापणारं मॉडेल घ्यावं. थोडे पैसे जास्त गेले तरी कागदात ते निघून येतात. भावाचं मॉडेल तसं नाही, भाची स्वतः कागद उलटून घालते आणि तिला त्याचा कंटाळा नाही.

भाऊ सध्या हट्ट धरून बसलाय की सत्तर जीएसएमचा कागद आणला तर रिममागं आणखी पैसे वाचतील. माझा त्याला विरोध आहे. दोन्ही बाजूंना छापलं की मागची अक्षरं पुढं दिसतात, पोरीचे डोळे शिणतात, आणि पावसाळ्यात पातळ कागद दमट होऊन यंत्रात दोन-दोन एकदम ओढले जातात. पंच्याहत्तर जीएसएम आणावा आणि उघडलेला रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. हे मी त्याला फोनवर सांगितलंय आणि वहिनी माझ्या बाजूनं आहे.