नुसतं ‘सायनुसायटिस’ लिहिलं तर?

डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्याला कोड लावायचा, हा माझा व्यवसाय. पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचते आणि नव्या मुलामुलींना हे काम शिकवते. शिकवायला मी सायनसपासून सुरुवात करते. दुखणं घरोघरचं, पण कोडिंगमध्ये भल्याभल्यांना चकवणारं.

आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात ताज्या सायनुसायटिसला जे०१ आणि जुनाटाला जे३२. पुढचा आकडा जागेचा: गालामागची पोकळी ०, कपाळातली १, दोन डोळ्यांच्या मधली २, अगदी आत खोलवरची ३, सगळ्याच भरल्या असतील तर ४. वैद्यकात साधारण चार आठवड्यांच्या आतला आजार ताजा, बारा आठवड्यांच्या पुढे रेंगाळला की जुनाट.

आता समजा, डॉक्टरांनी नुसतं ‘सायनुसायटिस’ लिहिलं. ताजा की जुनाट, कुठल्या पोकळीत, काहीच नाही. नवशिक्याला वाटतं, साधं दुखणं आहे, ताज्यात टाकावं. नियम उलटा आहे. जे०१ खालीच सूचना छापलेली आहे, की जुनाट किंवा कसलाच खुलासा नसलेला सायनुसायटिस इथे नको. तो जातो जे३२.९ मध्ये. म्हणजे पाच दिवसांच्या सर्दीने गाल ठणकणारा माणूस कागदोपत्री जुनाट रोगी ठरतो.

त्याच कागदावर ‘पाच दिवसांपासून’ असं दिसत असलं, तरी मी आपल्या मनाने ‘ताजा’ ठरवू शकत नाही. निदान डॉक्टरांचं. मी फक्त विचारू शकते, तेही उत्तर सुचवल्याशिवाय. ‘हा ताजाच ना?’ चालत नाही. ‘आजाराचं स्वरूप आणि जागा नोंदवावी’ चालतं.

अमेरिकेत या कोडांवर बिलं चालतात, म्हणून तिथे एवढी काटेकोर चौकशी. आपल्याकडे मग कशाला, असं विचारणाऱ्यांना मी मऊरानीपुरचं उदाहरण देते. झाशी जिल्ह्यातलं हे टेरिकॉट विणणाऱ्यांचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात मिळतो तो ‘पर्चा’. दुखणं हटलं नाही, तर रुग्ण तोच पर्चा खिशात घालून झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात जातो. तिथल्या डॉक्टरांपुढे बहुधा तेवढाच इतिहास असतो. पर्च्यावर ‘साइनस’ एवढंच असेल, तर किती दिवस, कुठली बाजू, मधुमेह आहे का, कुठलं औषध किती दिवस दिलं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मधुमेहाचा उल्लेख किती मोलाचा, हे २०२१ने दाखवलं. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसची सुरुवातही बरेचदा अशीच: नाक चोंदणं, एका बाजूचा गाल दुखणं, डोळ्याभोवती सूज. मधुमेह्यांना धोका अधिक. नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे पसरणाऱ्या या बुरशीचा कोड बी४६.१. केंद्राने मे २०२१मध्ये राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्राने त्याचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले. तेव्हाही ज्याच्या कागदावर ‘सायनुसायटिस’ एवढंच राहिलं असेल, तो त्या मोजणीत येणार नाही. आणि औषधं किती लागतील, याचा अंदाज अशाच मोजणीवर बांधायचा असतो.

आरोग्य विम्यातही याची झळ लागते. अनेक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागतं. दाव्याच्या फाइलीत ‘जुनाट’ दिसलं, की विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते: कधीपासून?

ओपीडीत रांग दारापर्यंत असते, डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी निबंध मागत नाही. ‘उजवा गाल, पाच दिवस, ताजा, मधुमेह नाही’ एवढी एक ओळ पुरते. आणि डॉक्टरांना ती सुचली नाही, तर रुग्णाने म्हणायला हरकत नाही: डॉक्टरसाहेब, किती दिवसांपासून दुखतंय, तेवढं लिहून द्या.